लोकलची गर्दी का हटत नाही? – वाढत्या शहराच्या रेल्वेचा एक पाठ



'शहरातील वाहतुकीची समस्या' हा निबंधाचा ठरलेला विषय. पाचवीपासून दहावीपर्यंत कुठे ना कुठे येतोच. आणि बहुतेक वह्यांमध्ये शेवटचं वाक्यही ठरलेलंच असतं – 'सरकारने जास्त गाड्या सोडाव्यात.' वाक्य चुकीचं नाही. पण गाड्या वाढवायला काय काय लागतं आणि वाढवल्या तरी गर्दी का हटत नाही, हे मुलांना समजावलं नाही तर ते वाक्य नुसतं पाठांतर राहतं.

म्हणून आज आपण मुंबईची लोकल अभ्यासाला घेऊ. सहावी ते नववीच्या कोणत्याही वर्गात हा पाठ घेता येईल. भूगोल, गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र, चारही विषय यात आपोआप येतात.

हा विषय महत्त्वाचा का, तेही आधीच सांगते. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज सुमारे ७५ लाख प्रवास होतात. आणि याच मार्गांवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसांचा जीव जातो. कोणी रूळ ओलांडताना, कोणी गर्दीच्या डब्यातून हात सुटून. आज आपल्यासमोर बाकावर बसलेली मुलं चार-पाच वर्षांत कॉलेजला जायला त्याच दारात उभी राहणार आहेत. त्यामुळे हा फक्त परीक्षेचा प्रश्न नाही.

पाठाची मुख्य कल्पना

मुलांना एक साधा प्रश्न विचारा. गच्चीवर हजार लिटरची टाकी आहे, पण नळ बारीक आहे. टाकी दोन हजार लिटरची केली तर बादली लवकर भरेल का? मुलं लगेच 'नाही' म्हणतील. पाणी टाकीच्या आकारावर नाही, तर वाटेतल्या सर्वात अरुंद जागेवर ठरतं.

रेल्वेचंही तसंच आहे. रूळ, सिग्नल, डबे, दारं, फलाट, जिना, पूल, स्टेशनबाहेरचा रस्ता, या सगळ्यांतून माणूस जातो. यातली एक जागा अरुंद राहिली तर बाकी कितीही रुंद केलं तरी गर्दी तिथे तुंबते. पूर्ण पाठभर हा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायचा – आता अरुंद जागा कोणती?

थोडा इतिहास

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही भारतातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. अंतर ३४ किलोमीटर, डबे १४ आणि प्रवासी सुमारे ४००. रेल्वे मुंबईत यावी म्हणून धडपडणाऱ्यांमध्ये जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेठ होते, हे मुलांना आवर्जून सांगा.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर (तेव्हाचं व्हिक्टोरिया टर्मिनस) ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. कोळशाच्या इंजिनापेक्षा विजेची गाडी लवकर वेग घेते आणि लवकर थांबते. दर दोन-तीन किलोमीटरवर स्टेशन असलेल्या शहरात हा गुण फार मोलाचा. आज आपण जिला 'लोकल' म्हणतो, तिचा खरा जन्म इथे झाला असं म्हणायला हरकत नाही.

पुढे शहर वाढत गेलं. आधी दादर, मग अंधेरी-घाटकोपर, मग बोरिवली-ठाणे, मग डोंबिवली-कल्याण, वसई-विरार. १९९२ मध्ये खाडी ओलांडून गाडी वाशीला पोहोचली. म्हणजे रेल्वे आधी गेली आणि तिच्या मागोमाग घरं गेली. पण कामाच्या जागा मात्र बराच काळ दक्षिणेलाच राहिल्या.

गर्दी एकाच दिशेने का?

नकाशा काढा. मुंबई म्हणजे उत्तर-दक्षिण लांब, पूर्व-पश्चिम चिंचोळं बेट. दक्षिण टोकाला फोर्ट, नरिमन पॉइंट, मंत्रालय. उत्तरेला घरं. त्यामुळे सकाळी सगळे दक्षिणेकडे आणि संध्याकाळी सगळे उत्तरेकडे. सकाळी नऊ वाजता कल्याणहून येणारी गाडी ओसंडून वाहते, पण तीच गाडी परत जाताना त्यामानाने मोकळी असते.

म्हणजे आपण पूर्ण गाडी चालवतो, पण तिचा निम्मा उपयोग होतो. हा मुद्दा फळ्यावर लिहून ठेवा. शेवटी याकडे परत यायचं आहे.

आता गणित करू

एका मार्गिकेवर एकाच दिशेने तासाला किती डबे जातात, हे काढायचं. सूत्र सोपं आहे –

तासाला डबे = (६० ÷ दोन गाड्यांमधील मिनिटं) × एका गाडीचे डबे

समजा दर ३ मिनिटांनी १२ डब्यांची गाडी आहे.
६० ÷ ३ = २० गाड्या. २० × १२ = २४० डबे.

आता दोन उपाय तपासू.

उपाय १ : अंतर तेच, पण डबे १५. मग २० × १५ = ३०० डबे.
उपाय २ : डबे १२च, पण गाडी दर अडीच मिनिटांनी. मग २४ × १२ = २८८ डबे.
दोन्ही एकत्र : २४ × १५ = ३६० डबे. म्हणजे मूळच्या दीडपट!

मुलांना हे फार आवडतं. लगेच कोणीतरी विचारतंच, "मग करत का नाहीत?" आपल्याला नेमका हाच प्रश्न हवा आहे.

मग करत का नाहीत?

डबे वाढवायचे तर फलाट लांब हवा. एक डबा साधारण २० मीटरचा, म्हणजे १५ डब्यांची गाडी ३०० मीटरची. अनेक जुन्या स्टेशनांच्या एका बाजूला रस्त्याचा पूल, दुसऱ्या बाजूला रुळांचा सांधा आणि भोवती वस्ती. फलाट ओढून लांब करता येत नाही. पश्चिम रेल्वेवर २००९ पासून १५ डब्यांच्या गाड्या आहेत, पण १२ डब्यांच्या मानाने त्यांच्या फेऱ्या अजून कमीच आहेत, त्याचं हे एक मोठं कारण.

दोन गाड्यांमधलं अंतर कमी करायचं तर सिग्नल सुधारावे लागतात. धावती लोकल जागच्या जागी थांबत नाही. ब्रेक लावल्यावरही ती काहीशे मीटर जाते. म्हणून पुढची गाडी ठरावीक अंतर पुढे गेल्याशिवाय मागच्या गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही. नव्या पद्धतीत गाडी आणि नियंत्रण यंत्रणा रेडिओवर सतत 'बोलत' राहतात. कोणती गाडी नेमकी कुठे आहे हे कळत असल्याने गाड्या सुरक्षितपणे जवळ आणता येतात. या पद्धतीला सीबीटीसी म्हणतात. मेट्रोत ती वापरली जाते.

शेवटच्या स्टेशनचाही विचार करा. चर्चगेटला फलाट चारच आहेत. प्रत्येक गाडी येणार, रिकामी होणार, भरणार, मोटरमन आणि गार्ड जागा बदलणार, मग ती सुटणार. फलाट रिकामा झाल्याशिवाय पुढची गाडी आत घेता येत नाही. मागे सिग्नलला थांबलेली गाडी बघून आपण वैतागतो, पण ती बहुतेकदा फलाटाची वाट बघत असते.

रूळ वाटून घेणं ही आणखी एक अडचण. जिथे वेगळी मार्गिका नाही, तिथे लांब पल्ल्याच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या लोकलच्याच रुळांवरून जातात. म्हणून पाचवी-सहावी मार्गिका महत्त्वाची. ठाणे ते दिवा हा तिचा टप्पा फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाला. एक्स्प्रेस बाजूला गेली की लोकलला रूळ मोकळा मिळतो.

रेल्वे फाटकाचंही तसंच. फाटक उघडं असेपर्यंत सिग्नल हिरवा होत नाही. दिवसभरात दोन-दोन, तीन-तीन मिनिटं अशी जातात आणि मागच्या सगळ्या गाड्या रखडतात. तिथे रस्त्याचा पूल बांधला तर फायदा रिक्षावाल्यालाही होतो आणि मोटरमनलाही.

आणि हो, रविवारचा मेगाब्लॉक! मुलांना वाटतं रेल्वे मुद्दाम सुट्टीचा दिवस खराब करते. खरं म्हणजे रोज पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या मार्गावर रूळ, तारा आणि सिग्नल दुरुस्त करायला वेळच उरत नाही. गर्दी सर्वात कमी असते तो दिवस रविवार, म्हणून रविवार.

गाडी वाढली, पण जिना तोच – एल्फिन्स्टनचा धडा

आता पाठातला सर्वात गंभीर भाग. तो हळू आवाजात आणि घाई न करता घ्यावा.

परळ-लोअर परळ हा एके काळी गिरणगाव. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्या जमिनींवर काचेचे टॉवर आणि कार्यालयं उभी राहिली. जिथे कामगार चाळीतून चालत गिरणीत जायचे, तिथे आता विरार-कल्याणहून हजारो नोकरदार गाडीने उतरू लागले. स्टेशनचा पादचारी पूल मात्र पूर्वीचाच राहिला, अरुंद.

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ. जोराचा पाऊस आला. एल्फिन्स्टन रोड स्टेशनवर उतरलेली माणसं भिजू नये म्हणून पुलावरच थांबली. मागून पुढच्या गाड्यांची माणसं येत राहिली. चेंगराचेंगरी झाली आणि २३ जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी गाडी घसरली नव्हती की सिग्नल चुकला नव्हता. गाड्या आपलं काम करत होत्या. अरुंद जागा होती ती जिन्याची.

त्यानंतर लष्कराच्या मदतीने तिथे नवा पूल बांधला गेला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये तो खुला झाला. करी रोड आणि आंबिवली इथेही लष्कराने पूल बांधले. एल्फिन्स्टन रोडचं नाव आता प्रभादेवी आहे.

मुलांना विचारा, गिरणीच्या जागी टॉवरला परवानगी देताना स्टेशनच्या जिन्याचा विचार कोणी करायला हवा होता? रेल्वेने? महापालिकेने? राज्य सरकारने? टॉवर बांधणाऱ्याने? नागरिकशास्त्राच्या पुस्तकातली 'केंद्र, राज्य आणि स्थानिक शासन' ही धडावार विभागणी इथे अचानक खरी वाटू लागते. रेल्वे केंद्राची, बाहेरचा रस्ता महापालिकेचा आणि माणूस मात्र एकच. याच कारणासाठी १९९९ मध्ये केंद्र आणि राज्य यांनी मिळून मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन केलं. मुंबई नागरी परिवहन प्रकल्प, म्हणजे वर्तमानपत्रात दिसणारा 'एमयूटीपी', याच महामंडळाकडे आहे.

दार बंद असावं की उघडं?

२५ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत पहिली वातानुकूलित लोकल धावली. तिची दारं आपोआप बंद होतात, त्यामुळे दारातून कोणी पडत नाही. मग सगळ्याच गाड्या अशा का नाहीत?

एक कारण पैशाचं. तिचं तिकीट महाग. मे २०२२ मध्ये एका फेरीचं भाडं बरंच कमी केलं, तरी साध्या डब्याच्या मानाने ते जास्तच आहे.

दुसरं कारण वेळेचं, आणि ते गणिताने समजतं. समजा दार बंद व्हायला प्रत्येक स्टेशनवर फक्त १० सेकंद जास्त लागले. २५ स्टेशनं असली तर २५० सेकंद, म्हणजे चार मिनिटांहून जास्त. तीन मिनिटांनी मागून गाडी येत असताना चार मिनिटं लहान नसतात.

मग उघडं दार बरं का? नाही! ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर साध्या लोकललाही बंद होणारी दारं बसवण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. बंद डब्यात जीव गुदमरू नये म्हणून दारांना हवेसाठी झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडणी, असा त्याचा आराखडा आहे.

इथे मुलांना एक गोष्ट नक्की कळावी. सुरक्षितता फुकट मिळत नाही. ती सेकंदांत, रुपयांत आणि मेहनतीत मोजावी लागते. आणि ती मोजण्यासारखीच आहे.

मेट्रो आली, आता लोकल कशाला?

हा प्रश्न पालकही विचारतात. ८ जून २०१४ रोजी वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही मुंबईतली पहिली मेट्रो सुरू झाली. अंतर सुमारे साडेअकरा किलोमीटर. तिचं मोठं काम म्हणजे तिने पश्चिम आणि मध्य रेल्वेला पूर्व-पश्चिम जोडलं. पूर्वी अंधेरीहून घाटकोपरला जायला दादरला वळसा घालावा लागायचा, नाहीतर रस्त्यावर तासभर अडकायचं.

पण पुढे काय झालं? घाटकोपरला मेट्रोतून उतरलेले सगळे लोकलच्या त्याच जुन्या पुलावर आणि फलाटावर आले. मेट्रोचा नळ मोठा, आणि अरुंद जागा सरकून लोकलच्या जिन्यावर गेली.

ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेड ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो-३ पूर्ण सुरू झाली. तिच्यावर २७ स्थानकं आहेत. चर्चगेट, सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर, वांद्रे-कुर्ला संकुल आणि विमानतळ अशी ठिकाणं तिने जोडली. यातल्या काही ठिकाणी लोकल पूर्वी पोहोचत नव्हती. म्हणून मेट्रो ही लोकलची सवत नाही, बहीण आहे. दोघी जिथे भेटतात ती जागा ऐसपैस हवी, एवढंच.

रुळाबाहेरचे उपाय

आता फळ्यावर लिहून ठेवलेला मुद्दा घ्या. गर्दी एका दिशेने आणि एकाच वेळी होते. मग ती दिशा आणि वेळ बदलता येईल का?

वेळ बदलण्याचा प्रयत्न झाला आहे. मध्य रेल्वेने २०२३ मध्ये आपल्या मुख्यालयात कामाच्या दोन वेळा ठेवल्या आणि इतर कार्यालयांनाही तसं करायला सांगितलं. यात नवा रूळ लागत नाही की नवा डबा. फक्त ठरवावं लागतं.

दिशा बदलण्याचं उदाहरण म्हणजे ठाणे-वाशी मार्ग. २००४ मध्ये तो सुरू झाला आणि ठाणे-कल्याणकडची माणसं कुर्ल्याला न जाता थेट नवी मुंबईत कामाला जाऊ लागली. कळवा-ऐरोली जोडमार्गाचा हेतूही तोच. कल्याणहून नवी मुंबईला जाणाऱ्याला ठाण्याला गाडी बदलावी लागू नये. त्यातलं दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालं.

काम घराजवळ आलं तर काही गर्दी तयारच होणार नाही. सर्वात स्वस्त उपाय तोच, आणि सर्वात अवघडही.

वर्गात करायच्या कृती

१. जमिनीवर खडूने एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन काढा. एकेक मूल आत उभं करा. 'बास, आता नको' असं कोणी म्हटलं की लगेच थांबा, ढकलाढकली अजिबात होऊ देऊ नका. संख्या लिहा. मग सांगा की गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एवढ्याच जागेत १४ ते १६ माणसं उभी असतात. वर्ग शांत होतो.

२. गावात किंवा शहरात लोकल नसेल तरी अडचण नाही. शाळा सुटताना आपल्याच शाळेचा जिना आणि फाटक बघा. एका मिनिटात किती मुलं बाहेर पडतात? अरुंद जागा कोणती? ती रुंद करायची, की वर्ग दोन-दोन मिनिटांच्या अंतराने सोडायचे? मुलांना स्वतः ठरवू द्या.

३. वरच्या सूत्रात वेगवेगळे आकडे घालून तक्ता करा. चार मिनिटं-१२ डबे, चार मिनिटं-१५ डबे, दोन मिनिटं-९ डबे. कोणता पर्याय चांगला? कोणत्या पर्यायाला काय बांधावं लागेल?

४. गटचर्चा : तुमच्याकडे एकाच कामाचे पैसे आहेत. नवा पादचारी पूल, १५ डब्यांसाठी लांब फलाट, की बंद दाराच्या गाड्या? निवड करा आणि कारण सांगा. 'बरोबर उत्तर' देऊ नका. फक्त कारण भक्कम आहे का, ते बघा.

पालकांसाठी दोन शब्द

मुलं ऐकून नाही, बघून शिकतात. आपण दोन मिनिटं वाचवायला रूळ ओलांडला तर मुलाला कळतं की रूळ ओलांडायचा असतो. आपण जिना चढून पुलावरून गेलो, भरलेली गाडी सोडून पुढची पकडली, तर तेही त्याला कळतं. मोठे प्रकल्प पूर्ण व्हायला दहा-दहा वर्षं लागतात. तोपर्यंत आपल्या हातात एवढं नक्कीच आहे.

थोडक्यात लक्षात ठेवायचं

– रेल्वेची क्षमता तिच्या सर्वात अरुंद जागेवर ठरते.
– एक जागा रुंद केली की अरुंद जागा दुसरीकडे सरकते, म्हणून सगळ्यांचा एकत्र विचार हवा.
– गाड्या, डबे आणि सिग्नल जितके महत्त्वाचे, तितकाच जिना आणि पूल.
– शहर कसं वाढतं, यावर रेल्वेची गर्दी ठरते.

पुढच्या वेळी निबंधात 'जास्त गाड्या सोडाव्यात' असं वाक्य आलं तर ते खोडू नका. त्याच्या पुढे लाल पेनाने फक्त एवढंच लिहा – 'आणि जिना?'